लॅबच्या विंडोज सर्व्हरच्या जागी कोणतं लिनक्स बसवायचं?

कॉम्प्युटर सेंटरचा मेल चार ओळींचा होता. ज्या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टीमला सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, त्यांचं नेटवर्क महिनाअखेरीस बंद केलं जाईल. आमच्या लॅबमध्ये यूपीएसशेजारी २०१३ साली घेतलेला एक टॉवर सर्व्हर आहे. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबवला, त्याकडे आम्ही कुणी लक्षच दिलं नव्हतं. सर म्हणाले, "तुला लिनक्स येतं ना? मग तूच बघ."

येतं म्हणजे काय, तर लॅपटॉपवर उबुंटू आहे, टर्मिनलची भीती वाटत नाही आणि अडलं तर शोधून काढता येतं. पण त्या सर्व्हरवर पाच जणांचा डेटा होता. त्यात सबमिशनला आलेल्या एका सीनिअरचा सगळा थिसिस होता आणि माझ्या रिव्ह्यूला गेलेल्या पेपरचे मूळ आकडेही. म्हणजे चूक झाली असती तर ती फक्त माझ्यापुरती राहिली नसती.

तुम्ही पीएचडीला लागणार असाल तर हे काम कधीतरी तुमच्याही गळ्यात पडेल. छोट्या लॅबला वेगळा सिस्टीम ॲडमिन नसतो. जो जरा कॉम्प्युटरवाला वाटतो तोच ॲडमिन होतो. म्हणून निर्णय कसा घेतला आणि कुठे चुकले, ते जरा सविस्तर सांगते.

पहिला आठवडा मी वाया घालवला. "सर्व्हरसाठी सर्वात चांगलं लिनक्स कोणतं" हे शोधत बसले. पंधरा जणांची पंधरा उत्तरं मिळाली आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं. या प्रश्नाला उत्तर का नाही, ते डिस्ट्रिब्युशन म्हणजे काय हे समजलं की कळतं. लिनक्स हे मुळात कर्नलचं नाव. कर्नलभोवती हजारो प्रोग्राम आणि लायब्ररी जमवायच्या, त्या एकमेकींशी जुळतात का ते तपासायचं आणि पुढची अमुक वर्षं त्यातली सुरक्षेची भोकं बुजवत राहायचं, हे काम जी मंडळी करतात त्यांचं बाड म्हणजे डिस्ट्रिब्युशन. कर्नल सगळीकडे जवळपास तोच. तुम्ही खरं तर निवडता तो एक वायदा: हे मशीन आम्ही किती वर्षं सांभाळू, कसं सांभाळू. सर्व्हरच्या बाबतीत त्या वायद्यालाच किंमत असते. डेस्कटॉप किती देखणा आहे याला शून्य, कारण सर्व्हरला बहुधा मॉनिटरही जोडलेला नसतो.

म्हणून मी वहीत दोन रकाने केले. एकीकडे लॅबच्या तारखा, दुसरीकडे डिस्ट्रोच्या. माझं सबमिशन पुढच्या वर्षी. ज्युनिअरचं २०२८ मध्ये. प्रोजेक्ट २०२७ ला संपतो, म्हणजे नवं मशीन त्याआधी येणार नाही. थोडक्यात, किमान २०२८ च्या शेवटापर्यंत पुन्हा इन्स्टॉल न करता चालेल असं काहीतरी हवं होतं. एवढं कागदावर आलं आणि अर्धी यादी आपोआप गळाली. फेडोरा छान आहे, पण त्याच्या एका आवृत्तीला साधारण तेरा महिनेच अपडेट मिळतात. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना तर नऊच महिने. लॅबच्या सर्व्हरवर दरवर्षी आवृत्ती कोण बदलणार? पहिली दोन वर्षं उत्साहाने कुणीतरी बदलेल. मग तो पोस्टडॉकला जाईल आणि सर्व्हर तसाच पडून राहील, आमचा विंडोजवाला राहिला होता तसा.

उरले तीन घरोबे. उबुंटूची एलटीएस आवृत्ती सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात, म्हणजे २४.०४ ला २०२९ पर्यंत. डेबियनला साधारण तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि पुढची दोन वर्षं एलटीएस गटाकडून. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं, त्यामुळे ते जून २०२८ पर्यंत पुरतं. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलंय. तिसरं घर रेड हॅटचं. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स आणि त्याच्याशी जुळणारी मोफत भावंडं रॉकी आणि अल्मा यांचा हिशोब दहा वर्षांचा असतो. यांची ९ वी आवृत्ती २०३२ पर्यंत चालेल.

नुसती तारीख बघायची तर रॉकी किंवा अल्मा जिंकतात. पण तारीख हा वायदा आहे आणि वायदे मोडतातही. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार असं जाहीर झालं होतं. ८ डिसेंबर २०२० ला घोषणा झाली की ते २०२१ च्या अखेरीसच थांबणार. जगभरच्या विद्यापीठांत, संशोधन संस्थांत त्यावर मशीन चालू होती, त्या सगळ्यांना वर्षभरात नवं घर शोधावं लागलं. फर्मिलॅब आणि सर्न या कणभौतिकीच्या मोठ्या प्रयोगशाळांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. त्यांच्या वर्तुळात सायंटिफिक लिनक्स नावाची स्वतंत्र डिस्ट्रो होती. २०१९ मध्ये ठरलं की तिची आठवी आवृत्ती काढायची नाही, सेंटओएस ८ वापरायचं. पुढच्याच वर्षी वरची घोषणा झाली. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये दोघांनी मिळून अल्मालिनक्स ठरवलं. ज्यांच्याकडे यासाठी आख्खे विभाग आहेत त्यांच्यावर ही वेळ येते, तर आपण "२०३२ पर्यंत निश्चिंत" म्हणून डोळे मिटू नयेत. मी वहीत प्रत्येक डिस्ट्रोपुढे आणखी एक ओळ लिहिली: ही बंद पडली तर इथून कुठे जाता येईल? रेड हॅटच्या घराण्यात एका भावंडाकडून दुसऱ्याकडे जाणं तुलनेनं सोपं आहे, ही त्यांची खरी जमेची बाजू. डेबियनच्या मागे कंपनी नाही. ते १९९३ पासून स्वयंसेवकांच्या जोरावर चालू आहे आणि मला स्वतःला तेच सर्वात भरवशाचं वाटतं.

तरी मी डेबियन बसवलं नाही. का, ते सांगते. पण त्याआधी हार्डवेअर.

जुन्या सर्व्हरवर नवं लिनक्स मस्त पळतं असं आपण ऐकत आलोय. आता ते सरसकट खरं नाही. आमच्या मशीनमध्ये झिऑन ई५-२६२० आहे, सँडी ब्रिज पिढीचा. रेड हॅटच्या मे २०२५ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीला एक्स८६-६४-व्ही३ या पातळीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे एव्हीएक्स२ सूचना असलेला, हॅसवेल किंवा त्यानंतरचा. आमचा त्यात बसत नाही. रॉकी १० पण त्यामुळे गेलं. अल्माने मात्र १० व्या आवृत्तीची जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी बांधणी ठेवली आहे. आणखी एक खाचखळगा: रेड हॅटने ८ व्या आवृत्तीपासून बऱ्याच जुन्या रेड कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले. परिणाम असा की इन्स्टॉलर सुरू होतो, सगळं नीट दिसतं, फक्त हार्डडिस्क दिसत नाही. मग माणूस डिस्क बिघडली असं समजून केबल काढत-घालत बसतो. तेव्हा आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टीम चालू करा, एलएससीपीयू कमांड देऊन एव्हीएक्स२ आहे का बघा आणि एलएसबीएलके देऊन सगळ्या डिस्क दिसतात का ते मोजा. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यात जुन्या डेटाला हात लागत नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत नवखे एक गोष्ट उलटी समजतात. त्यांना वाटतं, मला ग्रोमॅक्स किंवा क्वांटम एस्प्रेसो चालवायचंय, तर ते ज्या डिस्ट्रोवर "चांगलं चालतं" ती घ्यावी. ज्याचा सोर्स कोड उघडा आहे ते कुठेही कंपाइल होतं किंवा कोंडातून येतं, त्यासाठी डिस्ट्रो बदलायची गरज नाही. अडतं ते विकत घेतलेल्या, तयार बायनरीच्या रूपात येणाऱ्या सॉफ्टवेअरचं. अशी बायनरी सिस्टीमच्या जीलिबसी या पायाभूत लायब्ररीवर उभी असते. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्यावर सहसा चालतो, उलट मात्र चालत नाही. सेंटओएस ७ मध्ये ती २.१७ होती, रॉकी ९ मध्ये २.३४, उबुंटू २४.०४ मध्ये २.३९. म्हणून ज्यांनी "स्थिर" म्हणून फार जुनी डिस्ट्रो धरून ठेवली, त्यांना नवं सॉफ्टवेअर आलं की तोंडावर जीलिबसीची एरर मिळते. आमच्याकडे विकतचं एकच सिम्युलेशन सॉफ्टवेअर आहे. त्याच्या माहितीपत्रकात रेड हॅट आणि उबुंटू एवढीच दोन नावं होती. डेबियनवरही ते बहुतेक चाललं असतं. पण लायसन्स सर्व्हर अडकला आणि आम्ही मदत मागितली, तर पहिला प्रश्न "डिस्ट्रो कोणती?" हा आला असता आणि उत्तर ऐकून समोरच्याने फोन ठेवला असता.

आता माणसं. निर्णय खरा इथे झाला. मी जाणार, सर सर्व्हरला हात लावणार नाहीत, मग राहतो ज्युनिअर. त्याच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. त्याला ॲप्ट माहीत आहे, डीएनएफ नाही. एसईलिनक्स हे नाव त्याने माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं. रॉकीवर एसईलिनक्स मुळातच चालू असतं आणि ते चांगलंच आहे. पण ज्याला ते समजत नाही तो पहिल्या अडचणीला ते बंद करून टाकतो आणि विसरतो. म्हणजे कागदावर जास्त सुरक्षित असलेली सिस्टीम आमच्या लॅबमध्ये कमी सुरक्षित झाली असती. म्हणून उबुंटू २४.०४ सर्व्हर. माझी आवड डेबियन, तारखेत सरस रॉकी-अल्मा, आणि बसवलं उबुंटू. तुमच्या लॅबमध्ये उत्तर वेगळं येऊ शकतं. ज्युनिअर जर एखाद्या मोठ्या क्लस्टरवर रेड हॅट घराण्यात तयार झालेला असेल, तर मी बिनदिक्कत अल्मा म्हणेन.

सगळं काही लिनक्सवर आणायचं नसतं हेही इथेच सांगून टाकते. आमच्या एक्स-रे डिफ्रॅक्शन यंत्राचा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीवर आहे. त्याला अपडेट मिळणं २०१४ मध्ये थांबलं. यंत्राचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही आणि नवं यंत्र काही येत नाही. विंडोजच्या कॉम्प्युटरना लिनक्सवरचे फोल्डर दिसावेत यासाठी सांबा नावाचा प्रोग्राम असतो. एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त एसएमबी १ ही जुनी भाषा येते आणि सांबाने ४.११ या आवृत्तीपासून ती मुळातच बंद ठेवली आहे. सेटिंग बदलून ती चालू करता येते. करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला तो याच भाषेतल्या भोकातून. आम्ही त्या एक्सपीला कॅम्पसच्या नेटवर्कवरून कायमचं काढलं, सर्व्हरच्या दुसऱ्या नेटवर्क पोर्टला थेट केबलने जोडलं आणि फक्त त्या पोर्टवर साधी एफटीपी चालू ठेवली. दिसायला गावठी, पण चालतंय.

आता माझी चूक.

जुना सर्व्हर चालू ठेवूनच मी शेजारी दुसऱ्या एका मशीनवर उबुंटू टाकून चाचणी घेत होते. डेटा कॉपी केला, प्रत्येक फाइलचा चेकसम जुळवला, सगळं ठीक. त्याच आठवड्यात पेपरच्या रिव्ह्यूअरने एका आकृतीत एरर बार मागितले. म्हटलं, चला, नव्या मशीनवरच काढू. स्क्रिप्ट तीच, डेटा तोच. आणि ॲक्टिव्हेशन एनर्जी पेपरमध्ये लिहिली होती तिच्यापेक्षा दुसऱ्या दशांशात वेगळी आली. एररच्या मर्यादेत होती, पण वेगळी होती. पोटात गोळा आला. पेपरमधला आकडा चूक की आत्ताचा? दोन दिवस मी लायब्ररीच्या आवृत्त्या तपासल्या, राउंडिंग तपासलं, झोप उडाली.

कारण साधं होतं. स्क्रिप्टमध्ये मी पायथनच्या ग्लॉब फंक्शनने नमुन्यांच्या फाइलींची एक यादी घेतली होती आणि बॅकग्राउंडच्या फाइलींची दुसरी, आणि दोन्ही याद्या क्रमाने जोडल्या होत्या. पहिल्या नमुन्यातून पहिलं बॅकग्राउंड वजा, दुसऱ्यातून दुसरं. ग्लॉब फाइली कोणत्या क्रमाने देईल याची हमी पायथन देत नाही. फाइल सिस्टीम देईल तो क्रम. विंडोजच्या एनटीएफएसवर तो नावाप्रमाणे लागलेला मिळत होता, म्हणून जोड्या बरोबर जुळत होत्या. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर क्रम विस्कटला आणि नमुन्यांना भलतीच बॅकग्राउंड गेली. बॅकग्राउंड सगळी एकमेकांसारखीच, त्यामुळे आलेख बघून काहीच खटकलं नसतं. पेपरमधला आकडा बरोबर होता, पण तो माझ्या काळजीपूर्वक कामामुळे नव्हे, एनटीएफएसच्या कृपेने. "सॉर्टेड" हा एक शब्द दोन ठिकाणी घातला आणि आकडा जुळला.

यात मी एकटी नाही हे नंतर कळलं. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी ऑर्गॅनिक लेटर्समध्ये नेमकी हीच गोष्ट दाखवली. सायनोबॅक्टेरियातून मिळालेल्या एका संयुगाची एनएमआर शिफ्ट काढताना ते विलोबी-होय नावाच्या स्क्रिप्ट वापरत होते. २०१४ मध्ये नेचर प्रोटोकॉल्समध्ये आलेल्या त्या स्क्रिप्ट अनेक लॅब वापरत होत्या. एकाच डेटावर विंडोज १० आणि मॅकची एक जुनी आवृत्ती एक उत्तर देत होत्या, उबुंटू आणि मॅकची नवी आवृत्ती वेगळी उत्तरं. मूळ तेच, ग्लॉब आणि फाइलींचा क्रम. पाच वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तेव्हा डिस्ट्रो कुठलीही घ्या, जुना सर्व्हर बंद करण्याआधी एक जुना, पूर्ण झालेला निकाल नव्या मशीनवर पहिल्यापासून काढून बघा. शेवटच्या अंकापर्यंत जुळायला हवा, आणि नाही जुळला तर का, हे सांगता यायला हवं. मला सापडलेल्या इतर अडचणी याच्यापुढे किरकोळ होत्या. लिनक्सला "डेटा" आणि "डेटा" यांतला लहान-मोठ्या इंग्रजी अक्षराचा फरक कळतो, विंडोजला कळत नाही, त्यामुळे निम्म्या स्क्रिप्टना फाइल सापडेनात. अंशाचं चिन्ह आणि मायक्रोचं चिन्ह असलेल्या जुन्या फाइलींवर पायथन अडखळलं, कारण विंडोजवर त्या वेगळ्या एन्कोडिंगमध्ये साठवल्या होत्या. पण या चुका तोंडावर एरर देतात, म्हणून त्या बऱ्या. गप्प बसणारी चूक वाईट.

आणखी एक गोष्ट मी सुरुवातीपासून करायला हवी होती. सिस्टीमच्या पायथनला हात लावायचा नाही. प्रत्येक पेपरसाठी कोंडाचं वेगळं एन्व्हायर्नमेंट करायचं आणि त्याच्या आवृत्त्यांची यादी डेटाशेजारी ठेवायची. अजून पक्कं हवं तर ॲपटेनरचा कंटेनर. हे आधी सिंग्युलॅरिटी या नावाने ओळखलं जायचं आणि ते सुरू करणारे ग्रेगरी कर्टझर सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक. सेंटओएस ८ ची घोषणा झाल्यावर रॉकी लिनक्स काढलं तेही त्यांनीच. असं केलं की खालची डिस्ट्रो फक्त अपडेट, डिस्क आणि नेटवर्क सांभाळते, तुमचं गणित तिच्यावर अवलंबून राहत नाही. पुढे आयसर पुण्याच्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर काम करायची वेळ आली, तर हीच सवय उपयोगी पडते. तिथे डिस्ट्रो निवडणं तुमच्या हातात नसतं. आणि लिनक्स तर असणारच. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालतं.

प्रत्यक्ष बदल एका शनिवारी केला. जुन्या डिस्क काढून, त्यावर तारीख लिहून कपाटात ठेवल्या आणि नव्या डिस्कवर इन्स्टॉल केलं, म्हणजे काही बिनसलं तर संध्याकाळपर्यंत जुनी अवस्था परत आणता येईल. तशी वेळ आली नाही. सुरक्षा अपडेट रात्री आपोआप होतात. डेटाची एक प्रत दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर जाते, कारण रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेडवरची फाइल कुणी चुकून पुसली तर ती दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते.

सर्व्हरच्या पत्र्यावर आम्ही एक कागद चिकटवलाय. डिस्ट्रोचं नाव आणि आवृत्ती, अपडेट संपण्याचं साल २०२९, बॅकअप कुठे आहे आणि एक्सपीची केबल कोणत्या पोर्टला आहे. खाली एक ओळ ज्युनिअरने स्वतः वाढवलीय: "निळी केबल काढू नये, झाडू मारताना सुद्धा."